पद्मिनीचे पिस्टन घेताना

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं १,०८९ सीसी इंजिन उघडलंत, तर दुकानात जाण्याआधी बोअर मोजून घ्या. मूळ माप ६८ मिमी. पण झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथे घासते तिथे ती सर्वाधिक, म्हणून बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं फिरवायचं. त्यावरून ओव्हरसाइझ ठरतो: ०.२५ मिमी की ०.५०. आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. उलटं केलंत तर क्लिअरन्स रामभरोसे. फोर्ज्ड पिस्टनची हौस शर्यतवाल्यांना लखलाभ! ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून जास्त फट मागतात आणि थंड इंजिनात खडखडतात. रविवारच्या फेरफटक्याला ओतीव पिस्टनच बरे. चारही पिस्टन वजनकाट्यावर सारखे भरले, तरच पैसे द्या.