लांबचा फेरा आणि 'सर्क्युइटस'

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. तोवर हे विमान अटलांटिकवरून जायचे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. नवी वाट पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटरचा भुर्दंड पडला, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोचले. करामत वाऱ्याची. विमाने उडतात त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अटलांटिकच्या वाटेवर ते समोरून अडवत होते, पॅसिफिकच्या वाटेवर पाठीमागून ढकलू लागले.

अशा वळशाच्या वाटेसाठी इंग्रजीत विशेषण आहे 'सर्क्युइटस'. उच्चारताना जोर 'क्यु'वर द्यायचा. लॅटिनमधले 'सर्कम' म्हणजे भोवती आणि 'इरे' म्हणजे जाणे, यांतून हा शब्द आला. विजेचे सर्किट त्याच घरातले. फरक एवढाच की सर्किटमधली वीज निघाली तिथेच परत येते. सर्क्युइटस वाटेने जाणाऱ्याला मात्र मुक्कामाला पोचायचेच असते, फक्त तो सरळ जात नाही.

हा शब्द 'लांब' या अर्थाने सर्रास वापरला जातो, आणि तिथेच गडबड होते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण त्याला सर्क्युइटस म्हणता येणार नाही. नागपूर मुळातच दूर आहे. याउलट दाभोळच्या धक्क्यावर उभे राहून पाहा. समोर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे दिसते. फेरीबोट लागली की मोटारसायकली, जीपगाड्या, सामानाचे टेम्पो एकामागून एक आत चढतात आणि बघता बघता पलीकडे उतरतात. शेवटची बोट चुकली, तर तीच गाडी काठाकाठाने चिपळूणच्या अंगाला न्यायची, पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या काठाने पुन्हा समुद्राकडे यायचे. डोळ्यांसमोरच्या गावासाठी एवढा फेरा! सर्क्युइटस म्हणतात तो याला. कोकणातल्या माणसाला हा शब्द शिकवावा लागू नये, त्याचे निम्मे आयुष्य खाड्यांना वळसे घालण्यात गेलेले असते.

वाहतुकीचे अभ्यासक हा फेरा मोजतातही. रस्त्याच्या अंतराला सरळ रेषेतल्या अंतराने भागायचे. उत्तर एक आले तर वाट नाकासमोर. जितके वाढेल तितका वळसा मोठा. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या २१.८ किलोमीटर लांबीची चर्चा खूप झाली. माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच होती. खाडीला वाशीकडून घालावा लागणारा वळसा वाचला, ही ती गोष्ट.

इंग्रजीत या शब्दाचे शेजारीही आहेत आणि त्यांची सरमिसळ महागात पडते. 'डीटूर' म्हणजे नेहमीची वाट सोडून तात्पुरता घेतलेला फेरा. रस्ता खोदला की पाटी लागते ती याची. 'टॉर्चुअस' म्हणजे नागमोडी, पिळे पडलेली वाट. घाटरस्त्याला हा शब्द शोभतो. सर्वांत जपून वापरायचा तो 'डीव्हियस'. त्याचा मूळ अर्थ फक्त 'वाट सोडून गेलेला' असा होता. पुढे वाट सोडणारा माणूस तो लबाडच, असे गृहीत धरले गेले आणि आज डीव्हियस म्हणजे कावेबाज. सर्क्युइटसच्या वाट्याला हे आले नाही. तो वाटेचा आकार सांगतो, चालणाऱ्याच्या हेतूबद्दल काही बोलत नाही. मला हा शब्द आवडतो तो यासाठीच.

बोलण्यालाही तो लागतो. मुद्द्यावर न येता भोवती फिरत राहिलेले भाषण, चार पाने खर्चून एका ओळीचे उत्तर देणारे सरकारी पत्र, दोन्ही सर्क्युइटस. मराठीत आपण याला द्राविडी प्राणायाम म्हणतो. समोरून धरता येणारे नाक डोक्यामागून हात नेऊन धरायचे! पण या वाक्प्रचारात टोचणी आहे, विनाकारण केलेल्या खटाटोपाची. सर्क्युइटसमध्ये ती असेलच असे नाही.

दवाखान्यात आलेली एखादी बाई आधी पोराच्या खोकल्याबद्दल बोलते, मग सासूच्या गुडघ्यांबद्दल, मग पाण्याच्या टंचाईबद्दल. उठता उठता, दाराशी पोचल्यावर, छातीतल्या गाठीचा विषय काढते. तिचे बोलणे सर्क्युइटस होते. नोंद लिहिणाऱ्याने तिथे डीव्हियस लिहिले, तर त्याने तिच्यावर लबाडीचा आरोप केला. लांबण लावली म्हणून वैतागलेल्या डॉक्टरने द्राविडी प्राणायाम म्हटले, तर तेही चूकच. ती त्या गाठीपर्यंत एवढ्या वळशाने आली, कारण सरळ वाटेवर भीती उभी होती.