कुणास, कुणाकडून

पहाटे ५.३०

वाडीतली फुलं घेऊन बायका दादरच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघतात, त्यांच्या बोलण्याने मला जाग येते. डिसेंबरात वसईला पहाटे चांगलाच गारवा असतो. चहा ठेवायच्या आधी मी लोखंडी कपाट उघडते आणि वरच्या कागदावरून हात फिरवते. कागद कडक लागला, की दिवस बरा जाणार. आमचं गाव समुद्राजवळ असल्याने पावसाळाभर कागद दमट राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवला तरी कडेने वळतो, आणि अशा कागदावर नक्षी कापायची नाजूक डाय चालवली की कापाच्या कडेला तंतू निघतात. म्हणून जाळीचं काम मी दिवाळी उलटून हवा कोरडी होईपर्यंत हातात घेत नाही.

आज छत्तीस कार्डं पुरी करायची आहेत. वहीत छत्तीस नावं आहेत. कुणी कॅनडातल्या मुलाला पाठवणार आहे, कुणी नव्या व्याह्यांना, कुणी पोरांना शिकवणाऱ्या बाईंना. पस्तीस नावांपुढे रंग आणि नक्षी लिहून ठेवली आहे. छत्तिसावं नाव शेजारच्या काकूंचं. त्यांची मागणी नाही, ते कार्ड माझ्याकडून. अकरा वर्षं मी त्यांच्या घरी नाताळचं कार्ड देते आहे, लाल, घंटांचं. यंदा ऑगस्टमध्ये काका गेले. त्या नावापुढची जागा मी तीन आठवडे कोरी ठेवली आहे.

सकाळी ७.००

डबे भरून झाले, घर रिकामं झालं, की जेवणाच्या टेबलावर काचेचं तावदान टाकते आणि कामाला बसते.

३०० जीएसएमचा पांढरा कार्डस्टॉक मी मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणते. ए-फोर आकाराचा एक कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात, आणि प्रत्येकाची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड तयार होतं. अठरा कागदांत छत्तीस कार्डं, कतरण जवळजवळ शून्य.

घडीआधी कागदाची दिशा पाहावी लागते. कागदातले तंतू बहुतेक एकाच बाजूला धावतात. कागद हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती त्याची दिशा. घडी तिच्याशी समांतर पडली तर कड गुळगुळीत येते, आडवी पडली तर फुटते. गडद रंगाच्या कागदाची कड अशी फुटली की आतला पांढरा गाभा दिसतो आणि कार्ड जुनं वाटायला लागतं. मग पट्टीला धरून बोथट टोकाने क्रीज मारायची. दाबलेली खाच बाहेरच्या अंगाला आणि उठलेला वळ घडीच्या आत. सुरुवातीला मी उलटं करायचे. घडी होते तशीही, पण दोन दिवसांत तोंड उघडून बसते.

सकाळी ८.३०

आता डाय. छपाईवाले ज्याला पंचिंग म्हणतात, त्याचंच हे घरगुती रूप. माझं यंत्र हाताने फिरवायचं आहे, दोन रोलर आणि एक दांडा. पोलादाची पातळ डाय कापणारी धार खाली करून कागदावर ठेवायची, खालीवर प्लास्टिकच्या पाट्या लावायच्या, आणि हा सगळा थर रोलरमधून पलीकडे काढायचा. दाब बसतो तेव्हा कडकड आवाज येतो. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी मोडलं. पाटीवर धार रुतते, त्याचा तो आवाज.

मोठ्या जाळीच्या डायमध्ये मधला भाग बरेचदा नीट कापला जात नाही, कारण दाब कडेला जास्त आणि मध्ये कमी पडतो. त्यावर उपाय साधा आहे. मधल्या भागावर पातळ कागदाचा एक तुकडा ठेवायचा, थर उलट दिशेने फिरवून पुन्हा रोलरमधून काढायचा. डाय आणि कार्डस्टॉक यांच्यामध्ये बटर पेपर घातला तर कापलेली नक्षी डायमध्ये अडकत नाही. उरलेले बारीक कण टाचणीने टोचून काढायचे. एका जाळीला दहा मिनिटं सहज जातात. बाजारात मिळणाऱ्या डायमध्ये बर्फ, हरणं आणि पाइनची झाडंच फार. पाइनची फांदी मीही वापरते, नाताळच्या चित्रांत आम्ही तिला लहानपणापासून ओळखतो. पण माझ्याकडची सगळ्यात झिजलेली डाय आहे ती पाच पाकळ्यांच्या चांदणीची, कारण आमच्याकडे नाताळात घरोघरी टांगला जाणारा कंदील त्याच आकाराचा असतो.

एका चांदणीतून दोन गोष्टी मिळतात, चांदणी आणि तिची खिडकी. चांदणी एका कार्डावर चिकटवते. खिडकीचा कागद दुसऱ्या कार्डावर ठेवून त्यातून शाई लावली की रंगीत चांदणी उमटते. तिसरा उपयोग मला सगळ्यात आवडतो. हलक्या चिकटपणाच्या कागदाची चांदणी कापून कोऱ्या कार्डावर बसवायची, भोवती सगळीकडे रंग भरायचा आणि शेवटी ती उचलायची. तिथे काहीच लावलेलं नसतं, आणि कार्डावर नजर आधी तिथेच जाते.

सकाळी १०.३०

शाईचं काम मी उजेड चढल्यावर घेते. ट्यूबलाइटखाली जांभळा आणि निळा मला नीट वेगळे दिसत नाहीत.

डाय इंक (ही डाय कापायची नव्हे, रंगाची) पाण्यासारखी पातळ असते, कागदात मुरते आणि लगेच सुकते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे कण असतात. ते वर बसतात, सुकायला वेळ घेतात, पण गडद कागदावरही दिसतात. आकाश रंगवायला पहिली, काळ्या कार्डावरच्या पांढऱ्या अक्षरांना दुसरी. गोल ब्रश शाईच्या गादीवर टेकवायचा, आधी रद्दी कागदावर फिरवायचा आणि मग कडेकडून आत, छोट्या वर्तुळांनी. ब्रश थेट कार्डावर टेकवला तर तिथे गोल डाग बसतो आणि तो जन्माचा राहतो. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि दोघांच्या सीमेवर पुन्हा फिका.

नाताळचे लाडके रंग लाल आणि हिरवा, पण ते रंगचक्रात समोरासमोर बसतात. ओले असताना एकमेकांत गेले की मातकट तपकिरी होतात. म्हणून लाल फुलाच्या कार्डावर मी हिरवी पानं शाईने काढत नाही. वेगळ्या कागदावर हिरवा चढवून पानं डायने कापते आणि वर चिकटवते. दोन्ही रंग आपापल्या जागी स्वच्छ राहतात.

आकाश भरून झालं की बोटं पाण्यात बुडवून शिंतोडे उडवते, थोडं थांबते आणि टिशूने टिपते. पाणी पडलेल्या जागी शाई फिकी होते आणि चांदण्या निघतात. त्या कुठे पडतील ते माझ्या हातात नसतं. डायने मी चाळीस वेळा तीच चांदणी कापू शकते, पण दोन आकाशं आजवर सारखी झाली नाहीत.

दुपारी १२.००

चर्चची घंटा होते. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणायची ही वेळ. ब्रश खाली ठेवते. बोटं निळी असतात, तशीच जोडते.

जेवण होईपर्यंत कार्डं पंख्यापासून दूर सुकत पडतात.

दुपारी १.३०

आता भुईगावच्या मावशीचं कार्ड. तिची नजर दोन वर्षांत फार उतरली आहे. मागच्या नाताळात मी दिलेलं कार्ड तिने हातात धरलं आणि म्हणाली, “छान आहे हो.” पण तिचा अंगठा कागदावर काहीतरी शोधत राहिला. तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून यंदा तिच्यासाठी उठावाचं काम. कोऱ्या कार्डावर आधी थोडी टाल्कम पावडर फिरवायची, म्हणजे नको तिथे भुकटी चिकटत नाही. मग सावकाश सुकणाऱ्या चिकट शाईचा ठसा मारायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर ओतायची आणि उरलेली झटकून परत डबीत. खालून हीट गन धरली की खरखरीत भुकटी क्षणात वितळते, चकाकते, फुगून वर येते. गन एका जागी जास्त धरली तर कागद करपतो आणि थर पुन्हा सपाट होतो. मी तीन थर चढवले. गोठा, गोठ्यावर चांदणी, खाली बाळाची गव्हाण. डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. चांदणी कळली. गव्हाण कळेना, म्हणून पुन्हा केली.

दुपारी ३.३०

भाची कॉलेजातून येते. तिचं काम वजन आणि पाकिटं.

“मावशी, फोम टेप दोन थर लावू? चांदणी छान उचलून येईल.”

“एकच लाव, राणी. पाकीट जाड होतं, शिक्का बसताना आतलं चिरडतं. आणि काट्यावर ठेवून बघ.”

आमचा हिशोब स्वयंपाकघरातल्या काट्यावर चालतो. ३०० जीएसएमचं कार्ड साधारण नऊ ग्रॅम, वरचा रंगवलेला थर तीन, पाकीट चार. देशात साध्या टपालाने वीस ग्रॅमपर्यंतच्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं. म्हणजे नक्षीसाठी हातात उरतात तीन-चार ग्रॅम. धातूचं एक घुंगरू बसवलं की ते संपले. ही मर्यादा मला आवडते. कार्डावर अजून काहीतरी लावावं असा मोह झाला की काटा सांगतो, पुरे.

परदेशी जाणारी नऊ पाकिटं तिने वेगळी केली. ती उद्या सकाळी टपालात पडलीच पाहिजेत.

संध्याकाळी ६.००

समोरच्या घरात नाताळसाठी कुलकुल वळायला बायका जमल्या आहेत. कंगव्यावर पीठ दाबून वळण्याचा नाद आणि हसणं इथपर्यंत येतं. मी कार्डांच्या आतला मजकूर लिहायला बसते. ज्यांनी मागणी दिली, त्यांना मी आधीच विचारलेलं असतं, “कुणाला देताय? यंदा त्यांच्याकडे काय झालं?” पहिल्यांदा लोक बिचकतात. मग बोलतात. नातू झाला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन वर्षांनी सुट्टी मिळाली.

छापील नाताळकार्डाची सुरुवात १८४३ साली लंडनमध्ये झाली. हेन्री कोल हा फार कामात असलेला गृहस्थ होता. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं, आणि नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं देणं त्याला झेपेना. त्याने जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि सुमारे हजार प्रती छापल्या. मध्ये पेले उंचावणारं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. रेघा छापलेल्या, रंग मात्र हाताने भरलेले. उरलेली कार्डं एक शिलिंगला विकायला ठेवली. त्या कार्डावर दोन जागा कोऱ्या होत्या, वर ‘कुणास’ आणि खाली ‘कुणाकडून’.

म्हणजे कार्ड जन्माला आलं ते प्रत्येकाला वेगळं पत्र लिहावं लागू नये म्हणून. कोलची अडचण मला समजते. पण त्या दोन कोऱ्या जागांच्या मधलं अंतर चित्राने भरून निघत नाही, हे इतकी वर्षं कागद कापून मला कळलं आहे. मी यंत्र वापरते, आयती डाय वापरते. माझं स्वतःचं काम सुरू होतं ते ‘कुणास’ या शब्दापासून.

रात्री ८.००

पस्तीस झाली. छत्तिसावा कागद समोर घेतला.

लाल नको. घंटा नकोत. चकाकणारी पावडर तर नकोच. ‘आनंदी नाताळ’चा ठसा हातात घेतला आणि परत ठेवला. पण कार्डच न देणं म्हणजे दु:ख झालेल्या घरावरून मान खाली घालून पुढे जाणं, तेही मला करवेना.

सध्या आगमनकाळ चालू आहे. वेदीवर जांभळं वस्त्र आहे, वाट पाहण्याचा रंग. मी चिकट कागदाची चांदणी कापून कार्डाच्या वरच्या भागात बसवली. कडेला थोडा गुलाबी लावला, तिसऱ्या रविवारच्या मेणबत्तीचा. मग जांभळा, थरावर थर, हात हलका ठेवून. पाण्याचे शिंतोडे उडवले नाहीत. सुकल्यावर नखाने चांदणी उचलली. खाली कागदाचा मूळचा पांढरा रंग, कडा स्वच्छ.

आत काय लिहायचं, ते मला आता आठवलं. दरवर्षी काका स्वतःचा कंदील लावून झाला की शिडी घेऊन आमच्या अंगणात यायचे. मी लिहिलं, “काकू, परवा आमचा कंदील लावला. काकांसारखा सरळ लागला नाही. शिडी धरायला उभी होते, तेव्हा त्यांची फार आठवण आली.” खाली नाव.

रात्री ९.००

हे पाकीट टपालाचं नव्हतं. काकूंच्या ओट्यावर दिवा होता, वर कंदील नव्हता. त्यांनी कार्ड उघडलं, वाचलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग वरच्या चांदणीवर बोट ठेवलं.

“ही चिकटवली नाहीस?”

“नाही काकू. तिथे शाई लावलीच नाही.”

त्यांनी मान हलवली. “बस,” म्हणाल्या. चहा टाकला. काकांनी एका वर्षी कंदिलाची वायर उलटी जोडून अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडवला होता, ती गोष्ट त्यांनी सांगितली. मला ती माहीत होती. मी पूर्ण ऐकली.

रात्री १०.००

ब्रश धुतले. पाट्यांवरचे कण पुसले. उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत बंद केला. वही उघडून छत्तिसाव्या नावापुढे लिहिलं, ‘जांभळा, चांदणी कोरी’. आणि पुढच्या पानावर उद्याची पहिली चार नावं.