जुनी यंत्रे आणि नव्या आवृत्त्या

यंत्र जुने झाले म्हणजे झिजते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु एकही दात न झिजता यंत्र परके होऊन बसावे, त्याच्याशी बोलण्याची भाषाच कोणापाशी उरू नये, हा प्रकार मात्र अलीकडच्या काळातला होय. बीड जिल्ह्याचा संसार पुष्कळ अंशी उसावर चालतो. परळी, माजलगाव, अंबाजोगाई, गेवराई या तालुक्यांत साखर कारखाने उभे राहिले. अशा भागात तरी हा प्रकार नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

साखर कारखान्यात रस आटवून झालेले दाट मिश्रण सेंट्रिफ्यूगल नावाच्या यंत्रात सोडतात. त्यातील सच्छिद्र टोपली वेगाने फिरू लागली म्हणजे मळी बाहेर फेकली जाते व साखरेचे दाणे आत राहतात. मिश्रण केव्हा सोडावे, वेग केव्हा वाढवावा, पाण्याचा फवारा किती सेकंद द्यावा, गती उतरल्यावर साखर केव्हा खरवडावी, हा सारा क्रम बिनचूक पाळला जावा लागतो. तो पाळणारी वस्तू म्हणजे पी.एल.सी., अर्थात प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. ही एक लहानशी पेटी असते. यंत्रावरील खुणा वाचणे, ठरलेल्या नियमांशी त्या ताडून पाहणे आणि त्याप्रमाणे झडपा व मोटारी यांस आज्ञा देणे, हे काम ती सेकंदातून अनेक वेळा करीत असते.

पूर्वी हेच काम शेकडो रिले व तारांची जंजाळे करीत. क्रमात थोडा फरक करावयाचा म्हटला तरी साऱ्या तारा उपसाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेत रिचर्ड मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली आणि त्यातून 'मॉडिकॉन ०८४' ही पहिली पेटी जन्मास आली. तारांच्या ऐवजी लिहिलेले नियम आले. नियम बदलले की काम बदलले! पुढे १९७९ साली सीमेन्स कंपनीची 'सिमॅटिक एस-५' ही मालिका निघाली, आणि अशा पेट्या जगभरच्या कारखान्यांत पोहोचल्या.

पेटीत नियम घालण्यासाठी अथवा आतील नियम पाहण्यासाठी संगणक व त्यावरील खास सॉफ्टवेअर लागते. अडचणीचे मूळ येथेच आहे. पेटी वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चालते. संगणकाचे आयुष्य मात्र त्या मानाने अल्प. विंडोज एक्स-पी ही प्रणाली २००१ साली आली आणि २०१४ साली तिच्या कर्त्यांनी तिची देखभाल थांबविली. उलट ॲलन-ब्रॅडली कंपनीची 'पी.एल.सी.-५' ही मालिका १९८६ सालची, ती विक्रीतून गेली २०१७ साली. कुलूप शाबूत आणि किल्ली मात्र दर पाच वर्षांनी निराळी, अशातला हा प्रकार आहे.

ही किल्ली तीन ठिकाणी अडते. पहिली अडचण प्रणालीची. जुने सॉफ्टवेअर डॉस अथवा सोळा बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेले असते. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते उघडतच नाही. दुसरी अडचण जोडणीची. जुन्या पेटीस नऊ पिनांची सीरियल केबल लागते, आणि नव्या लॅपटॉपला ती खाचच नसते. मधे जोडावयाच्या केबली मिळतात, पण प्रत्येक केबल प्रत्येक पेटीस मानवतेच असे नाही. तिसरी अडचण आवृत्तीची. काही पेट्यांत अंतर्गत कार्यक्रमाची, म्हणजे फर्मवेअरची, आवृत्ती व संगणकावरील सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळल्यावाचून संभाषण होत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेली फाईल जुन्या आवृत्तीत बहुधा पुन्हा उघडत नाही. धाकट्याला थोरल्याचे अक्षर लागते, थोरल्याला धाकट्याचे लागत नाही!

पेटीतूनच नियम परत वाचून घ्यावेत, असे कोणी सुचवील. पुष्कळ पेट्यांच्या बाबतीत ते शक्यही असते. परंतु लिहिणाराने घातलेली नावे व टिपा जुन्या पेट्यांत सहसा साठविलेल्या नसतात. परत येतात ते केवळ आकडे; कोणता आकडा कोणत्या झडपेचा, हे शोधण्यात दिवस जातात.

साखर कारखान्यास यात आणखी एक धोका आहे. गाळप हंगाम संपला की कारखाना कित्येक महिने बंद राहतो. अनेक जुन्या पेट्यांतील नियम वीज नसताना एका लहानशा बॅटरीवर तग धरून असतात. बंद काळात ती बॅटरी संपली, अथवा वीज बंद असताना कोणी ती बदलली, की नियम पुसले जातात. ही गोष्ट उघडकीस येते ती बॉयलर पेटल्यावर आणि गव्हाणीत मोळी पडण्याच्या सुमारास. तोडलेल्या उसातील साखर ताशी घटत असते, वजनही उतरते. आणि गाड्या मात्र आवारात उभ्या! या खोळंब्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यास व ऊसतोड मजुरास बसतो.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. पेटीतील नियमांची टिपांसह प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. नव्या आवृत्तीत काही उघडण्यापूर्वी मूळ फाईल बाजूला काढावी. जुना लॅपटॉप, त्याची केबल, मूळ सॉफ्टवेअर व त्याचा परवाना हा संच एकत्र, कुलुपात असावा. नाही तर नव्या संगणकाच्या पोटात जुनी प्रणाली चालविण्याची सोय आज उपलब्ध आहे, तिचा अवलंब करावा. हा संच इंटरनेटला जोडू नये. २०१० साली उजेडात आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने विंडोज संगणकांवाटेच सीमेन्सच्या पेट्यांत शिरकाव केला होता. बॅटरी वीज चालू असतानाच, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बदलावी. आणि पेटी बदलणेच प्राप्त असेल, तर ते काम हंगामापूर्वी काही महिने हाती घ्यावे.

हंगाम नसताना कारखान्यात चरकाचे रोलर उतरवितात, नळ्या साफ करतात, साखळ्या तपासतात. त्याच यादीत पेटीतील नियमांची प्रत, तिची आवृत्ती व बॅटरीची तारीख या तीन ओळी जोडल्या, म्हणजे पहिल्या मोळीच्या दिवशी गाड्या खोळंबण्याचे एक मोठे कारण दूर होईल.