ख्रिस्तपुराणातील शुभवर्तमान : रचना आणि आशयसूत्रे

मराठी पदव्युत्तर अभ्यासक्रमात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा उल्लेख बहुधा दोन कारणांनी होतो. एक, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील प्रसिद्ध ओव्यांसाठी. आणि दुसरे, सतराव्या शतकाच्या आरंभीच्या भाषेचा नमुना म्हणून. ही दोन्ही कारणे रास्त आहेत. परंतु त्यामुळे या ग्रंथाचा मूळ विषय दृष्टीआड होतो. हे काव्य म्हणजे ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचे मराठीतील पहिले विस्तृत कथन होय. ते शुभवर्तमान पुराणाच्या साच्यात ओतले जाताना त्याची घडण कोणती झाली, त्यातील कोणती सूत्रे उजळली आणि कोणती मावळली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आजरा परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना या विषयाचे विशेष अगत्य वाटावे. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव आंबोली घाटाच्या माथ्याकडील मुलखात वसले आहे. घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे गोवा. मराठी, कोंकणी आणि कानडी या तीन भाषांचा शेजार येथल्या बोलीला लाभला असून, गोव्याशी नाते सांगणारी ख्रिस्ती कुटुंबेही या भागात नांदत आली आहेत. ज्या भाषिक सीमेवर ख्रिस्तपुराण उभे आहे, तिचेच हे घाटावरचे टोक म्हणता येईल.

१. शुभवर्तमान म्हणजे काय ?

शुभवर्तमान हे आधुनिक अर्थाने चरित्र नव्हे. नायकाचे रूप, शिक्षण, स्वभावाचा विकास यांविषयी ते जवळजवळ मौन पाळते. ते एक साक्ष आहे. आणि साक्षीची मांडणी हाच तिचा युक्तिवाद असतो. म्हणून नव्या करारातील चार शुभवर्तमाने एकाच व्यक्तीविषयी असूनही रचनेने परस्परांहून भिन्न आहेत.

मत्तय आपल्या ग्रंथाचा आरंभ अब्राहामापासूनच्या वंशावळीने करतो आणि ख्रिस्ताचा उपदेश पाच मोठ्या प्रवचनांत एकत्र करतो. प्रत्येक प्रवचनाच्या अखेरीस समाप्तीचे एक ठरावीक वाक्य येते. मोशेच्या पाच ग्रंथांचे स्मरण वाचकास व्हावे, असा त्यातील हेतू अनेक अभ्यासकांनी ओळखला आहे. लूक मात्र वंशावळ आदामापर्यंत नेतो, म्हणजे कथेचे नाते एका राष्ट्राऐवजी मानवमात्राशी जोडतो. कैसर तिबिर्याच्या पंधराव्या वर्षाचा निर्देश करून तो घटनेला इतिहासात रोवतो, आणि नवव्या अध्यायापासून यरुशलेमकडील दीर्घ प्रवासाचा धागा धरतो. योहानाचा आरंभ वंशावळीने नव्हे, तर विश्वोत्पत्तीपूर्वीच्या 'शब्दा'ने होतो. त्याच्या पूर्वार्धात सात चिन्हे आहेत. उत्तरार्धात 'घटका' येते आणि क्रूसावरील मरण हेच गौरव ठरते.

या चौघांत मार्काची रचना सर्वांत आखीव आहे. सोळा अध्यायांचा हा सर्वांत लहान ग्रंथ इ. स. ७० च्या सुमाराचा मानला जातो. त्यात जन्मकथा नाही. आठव्या अध्यायात फिलिप्पाच्या कैसरियाजवळ पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो. हा ग्रंथाचा मध्यबिंदू. तोवर अधिकाराची कृत्ये आहेत. तेथून पुढे दुःखभोगाचे भाकीत तीन वेळा येते, आणि तिन्ही वेळा शिष्यांना ते उमगत नाही. या भागाच्या आरंभी बेथसैदाच्या आंधळ्याला दृष्टी मिळते आणि शेवटी बार्तीमयाला. डोळस शिष्यांचे आंधळेपण दोन आंधळ्यांच्या मध्ये ठेवलेले आहे, ही रचना सहज घडलेली नाही.

मार्काचे मुख्य आशयसूत्र म्हणजे गुप्तता. बरे झालेल्यांना येशू पुन्हा पुन्हा बजावतो की, हे कोणास सांगू नका. अखेरीस त्याला 'देवाचा पुत्र' म्हणून ओळखतो तो रोमी शताधिपती, आणि तोही त्याला मरताना पाहून. पराक्रमाकडे पाहून नव्हे, तर पराभवाकडे पाहून ही ओळख पटते. ग्रंथाचा शेवटही तितकाच विलक्षण आहे. चौथ्या शतकातील सिनाईतिक आणि व्हॅटिकन या प्राचीन पोथ्यांत मार्काचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबते : कबरीपाशी आलेल्या स्त्रिया भयाने पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. मौनाने सुरू झालेली कथा मौनातच संपते, आणि पुढे बोलण्याचा भार वाचकावर पडतो.

२. पुराणाची मागणी

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडात १५४९ च्या सुमारास झाला. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. साष्टी प्रांतातील त्यांचा काळ शांततेचा नव्हता. देवळे मोडली गेली होती, हिंदू ग्रंथांवर बंदी होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइटांची हत्या झाली, आणि त्यांचे मृतदेह परत आणण्याचे काम स्टीफन्स यांच्यावर आले.

या पार्श्वभूमीवर ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या अवस्वरूतील प्रसंग वाचला पाहिजे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आमच्यासाठी नवी का करीत नाही ? या प्रश्नात विनंती आहे, तशी तक्रारही आहे. धर्म बदलला तरी ऐकण्याची भूक बदलत नाही. ज्या समाजाला रात्री दिव्याच्या उजेडात ओवीबद्ध कथा ऐकण्याची सवय होती, त्याच्या हाती केवळ प्रश्नोत्तरांची पुस्तिका देऊन भागण्यासारखे नव्हते. ख्रिस्तपुराण हे या मागणीचे उत्तर होय.

१६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यांच्या आधारे जे. एल. साल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा प्रसिद्ध केला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली.

३. दोन पुराणे, एक आगमन

मूळ पोर्तुगीज शीर्षकात या ग्रंथाला तारकाच्या जगातील आगमनाविषयीचे, दोन भागांत विभागलेले निवेदन म्हटले आहे. 'आगमन' हाच त्याच्या रचनेचा कणा. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ असे एकूण ९५ अवस्वरू असून ओव्यांची संख्या सुमारे ११,००० आहे. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम आणि एवा, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद व संदेष्टे येतात. म्हणजे प्रतीक्षेचा इतिहास येतो. दुसऱ्यात मरियेची कथा, ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, चमत्कार, दुःखभोग, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण आहे.

येथे प्रमाणाकडे लक्ष द्यावे. ग्रंथाचा सुमारे दोन पंचमांश भाग ख्रिस्तजन्मापूर्वीच्या कथेने व्यापला आहे. मत्तयाने जी पूर्वपीठिका सतरा वचनांच्या वंशावळीत आटोपली, तिला येथे छत्तीस अवस्वरू लागले. याचे कारण उघड आहे. मत्तयाच्या श्रोत्यांना अब्राहाम आणि दावीद ठाऊक होते. साष्टीच्या श्रोत्यांना ते नव्याने सांगावयाचे होते. पूर्वेतिहासावाचून 'आगमन' या शब्दाला अर्थ उरत नाही.

तथापि दुसरेही एक कारण संभवते. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित ही पुराणाची पंचलक्षणे होत. उत्पत्ती, प्रलयानंतरची पुनर्घडण, कुलपरंपरा, युगांचा क्रम आणि राजांची चरिते या पाचही अंगांना जुन्या करारात समांतर सामग्री सापडते. स्टीफन्स यांनी ही लक्षणे समोर ठेवूनच रचना केली असे म्हणण्याची गरज नाही. पण पुराण ऐकणाऱ्या कानाला हा क्रम ओळखीचा वाटला असणार, यात संदेह नाही.

छंदाबाबतही हेच दिसते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या चरणाची मोकळीक ही ज्ञानेश्वरीपासून रुळलेली चाल आहे. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये पूर्ण झाले आणि एकनाथ १५९९ मध्ये समाधिस्थ झाले. म्हणजे स्टीफन्स त्यांचे समकालीन. मंगलाचरणही जुन्या धाटणीचे आहे. मात्र तेथे गणेश व शारदा यांच्या जागी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना वंदन केले आहे. शब्दयोजनेत एकीकडे 'वैकुंठ' हा वैष्णवांचा शब्द स्वर्गासाठी येतो, तर दुसरीकडे पवित्र आत्मा, बाप्तिस्मा यांसारख्या संज्ञा पोर्तुगीज-लॅटिन रूपांतच राहतात. लंडन येथील देवनागरी मार्सडेन हस्तलिखितात अशा परकीय संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. कोणता शब्द उसना घ्यावा आणि कोणता आपलासा करावा, हा वाद त्या पोथ्यांच्या पाठभेदांतूनच वाचता येतो.

४. चार साक्षी, एक कथा

दुसऱ्या पुराणात चारही शुभवर्तमाने एका सलग कथेत गुंफली आहेत. ही पद्धत नवी नाही. इ. स. १७० च्या सुमारास तातियनाने 'दियातेस्सरोन' हा असाच एकत्रित ग्रंथ सिद्ध केला व सीरियातील चर्चमध्ये तो पाचव्या शतकापर्यंत वाचला जात होता. स्टीफन्स यांच्याच काळी जेरोम झेवियर यांनी अकबरासाठी फारसीत ख्रिस्तचरित्र रचले. ते १६०२ मध्ये पूर्ण झाले.

एकत्रीकरणाने कथा भरघोस होते. पण प्रत्येक साक्षीची स्वतंत्र रचना विरते. याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे क्रूसावरील सात उद्गार. चर्चच्या परंपरेत ते सलग उच्चारले जातात. वस्तुतः त्यांतील तीन लूकचे, तीन योहानाचे, आणि देवाने आपणास का टाकले असे विचारणारा एकच उद्गार मार्क व मत्तय यांचा आहे. मार्कात तो एकाकी आहे. त्याच्या आगेमागे सांत्वनाचा शब्द नाही. साताच्या मालिकेत गेल्यावर त्याची धार बोथट होते.

पुराणाच्या साच्यात कोणते शुभवर्तमान सुखाने बसते, हा प्रश्न या दृष्टीने विचारण्याजोगा आहे. योहान सर्वांत सुखाने बसतो, कारण त्याचा श्रोता पहिल्या ओळीपासून जाणतो की वरून अवतरलेला हा कोण आहे; पुराणश्रोत्याची भूमिकाही हीच. मत्तयाने भविष्यवाणी व पूर्तता यांची चौकट पुरविली. मरियेचा वृत्तांत आणि जन्मकथा यांसाठी लूकवाचून गत्यंतर नव्हते. मार्काच्या वाट्याला मात्र विसर्जन आले. ज्या कथेत नायकाची ओळख अखेरपर्यंत झाकलेली असते, ती कथा मंगलाचरणातच ओळख सांगणाऱ्या पुराणात राहू शकत नाही. पुराणाला फलश्रुती लागते. मार्काजवळ भयभीत मौन आहे.

याउलट एका ठिकाणी शुभवर्तमानाने पुराणाला वाकविले आहे. पौराणिक कालचक्रात अवतार पुन्हा पुन्हा होतात. शुभवर्तमानातील आगमन एकदाच घडते, आणि तेही एका रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत. प्रतीक्षा आणि पूर्ती अशी द्विभाग रचना स्वीकारल्यामुळे ख्रिस्तपुराणातील काळ चक्राकार न राहता सरळ रेषेत चालतो. साचा पुराणाचा, पण काळ शुभवर्तमानाचा, हे या काव्याचे खरे वैशिष्ट्य होय.

५. पुढील परंपरा

१६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला, आणि स्टीफन्स यांच्या परंपरेचा राजाश्रय संपला. शुभवर्तमान मराठीत पुन्हा छापले गेले ते १८०५ मध्ये सेरामपूर येथे, विल्यम कॅरी यांच्या मत्तयाच्या भाषांतराने. तेव्हापासून चारही साक्षी स्वतंत्रपणे वाचण्याची वाट मोकळी झाली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. काव्याची धाराही आटली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले व ते १९३८ मध्ये प्रकाशात आले. एकाने 'पुराण' म्हटले, दुसऱ्याने 'अयन'. दोन्ही नावांवरून एवढे निश्चित होते की, मराठी कवीला ही कथा आपल्या कथनपरंपरेच्या बाहेर ठेवावयाची नव्हती.

विद्यार्थ्यांनी ख्रिस्तपुराणाचा एखादा अवस्वरू घेऊन त्यातील कथाभाग चारही शुभवर्तमानांशी ताडून पाहावा; काय घेतले, काय गाळले आणि जोड कोठे बसविला, याची नोंद करावी. आजरा, गडहिंग्लज व चंदगड या भागांतील विद्यार्थ्यांना आणखी एक काम हाती घेता येईल. गोव्यातून कानडा जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे हा ग्रंथ वाचला. घाटमाथ्यावरील ख्रिस्ती घरांतून म्हटल्या जाणाऱ्या जुन्या प्रार्थना, उपवासकाळातील गीते आणि लग्नातील ओव्या घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून, त्यांच्या संमतीने, आहेत त्याच उच्चारांत टिपून घ्याव्यात. ओवी कागदावर येण्यापूर्वी कंठात असते, आणि कंठ थकल्यावर ती शोधणाऱ्याला कोणतेही ग्रंथालय उपयोगी पडत नाही.