लहान मुलांची खेळणी आणि पुस्तके

ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत सुरू झाला, तो मुख्यतः गुरांचा बाजार म्हणून. आज त्या मैदानात मोटारींपासून लोकरी कपड्यांपर्यंत सर्व काही विकले जाते. परंतु हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी तेथून घरी परतणाऱ्या कुटुंबाकडे पाहावे, तर चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात हटकून काहीतरी असते. कधी ते फुगा असते, कधी पिपाणी, तर कधी किल्ली दिल्यावर उड्या मारणारे माकड. त्यांपैकी बहुतेक वस्तू आठवड्याच्या आत कोपऱ्यात जाऊन पडतात. मग वडील म्हणतात, मूल धसमुसळे आहे. आई म्हणते, पैसे वाया गेले. दोष मुलाचा नसतो. खेळणे निवडले कसे, ह्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

ह्याच शहरात जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात चांदीची एक छोटी आगगाडी आहे. टेबलावर बसविलेल्या रुळांवरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरत असे. राजवाडा पाहावयास आलेली मुले तिच्यापुढून हलता हलत नाहीत. तरीही शिकण्याच्या दृष्टीने ते खेळणे नव्हे. कारण मुलाने करावे असे त्यात काही नाही, फक्त पाहावयाचे आहे. बाजारात मिळणाऱ्या बॅटरीवरच्या मोटारींची गतही तीच. कळ दाबली की दिवे लागतात, आवाज होतो, मोटार धावते. जे काही करावयाचे ते सर्व मोटारच करते. उलट चार रिकाम्या काडेपेट्या दोऱ्याने एकमेकींना बांधून जे मूल 'गाडी' ओढत नेते, त्याला दोरा किती लांब ठेवावा, वळणावर गाडी का उलटते, ह्याचा विचार करावाच लागतो. खेळणे जितके जास्त करते, तितके मूल कमी करते, असा अनुभव आहे. आणि किंमत पाहून निवड करणाऱ्यांची फसगत बहुधा येथेच होते.

ह्या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे पुष्कळसे श्रेय डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे. रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांपैकी एक म्हणजे भोके पाडलेला लाकडी ठोकळा. त्यात दहा दट्ट्ये बसतात आणि प्रत्येकाचे भोक ठरलेले असते. मुलाने बारीक दट्ट्या मोठ्या भोकात घातला, तर शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि तो कोठेच बसत नाही. चूक झाली हे बाईंना सांगावे लागत नाही. ठोकळाच ते सांगतो. मूल सगळे दट्ट्ये काढते व पुन्हा बसविते. मोठ्यांनी 'चुकले' म्हटले की मूल हिरमुसते. वस्तूने म्हटले की त्याला ईर्ष्या येते. हा फरक लहान दिसतो, पण बालशिक्षणाचा अर्धा भाग त्यात सामावला आहे.

अशी साधने महाग असतात, आणि ती विकत घेतलीच पाहिजेत असेही नाही. एकात एक बसणारे पोलादी डबे व त्यांची झाकणे प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात असतात. सात डबे आणि सात झाकणे दोन वर्षांच्या मुलापुढे ठेवावीत आणि स्वस्थ बसावे. स्वस्थ बसणे हेच मोठ्यांना अवघड जाते.

परदेशी साधनांचा बडेजाव बाजूला सारून हे शिक्षण आपल्या मातीत रुजविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. ताराबाई तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठली; हे गाव आज पालघर जिल्ह्यात मोडते. अनुताई वाघ तेथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम सुरू झाले. शहरी बालवाडीची चकचकीत साधने तेथे आणणे परवडण्यासारखे नव्हते, आणि आणली असती तरी त्या मुलांना ती परकी वाटली असती. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे हीच मोजण्याची, जुळविण्याची व रंग ओळखण्याची साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ह्या कल्पनेतून निघालेला 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी दप्तरात रुळला आहे. तो मुळात मराठी आहे हे मात्र मध्य प्रदेशात फार थोड्यांना ठाऊक असते.

ग्वाल्हेरच्या परिसरातही असे भांडार आहे. बत्तोबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापडी बाहुल्या ह्याच शहराच्या. श्योपूरची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणीही प्रसिद्ध आहेत. (ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी दोन फुटी रुळांची लहान आगगाडी २०२० साली बंद पडली, ही मुलांच्या दृष्टीने हळहळण्यासारखीच गोष्ट.) कापडी बाहुली बोलत नाही आणि डोळे मिटत नाही. म्हणूनच तिच्या वतीने मुलीला बोलावे लागते. अक्षय्य तृतीयेला ह्या भागात बाहुला-बाहुलीचे लग्न लावण्याची चाल आहे. त्या एका खेळात पाहुण्यांची मोजदाद, नात्यांची नावे, कोणाला 'अहो' म्हणावे आणि कोणाला 'अगं', हे सगळे येऊन जाते. भातुकलीचेही तसेच. हा खेळ मुलींचाच, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. ती सोडून द्यावी. मुलग्यांनाही भाषा आणि व्यवहार शिकावयाचे असतातच.

आता अंकांकडे वळू. अमेरिकेतील गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर ह्या दोन संशोधकांनी गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर एक साधा पट खेळून पाहिला. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. पटावर एका ओळीत दहा घरे होती. काही मुलांच्या पटावर घरांत १ ते १० हे अंक होते, तर काहींच्या पटावर नुसते रंग. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. एवढ्यावर अंकांच्या पटावर खेळलेली मुले मोजण्यात आणि लहान-मोठी संख्या ओळखण्यात स्पष्टपणे पुढे गेली. रंगांच्या पटावर खेळलेल्यांत तशी प्रगती दिसली नाही. ह्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की सोंगटी सरकविताना मुलाने घरातील अंक मोठ्याने म्हणावयाचा होता. हा पट विकत आणण्याचे कारणच नाही. अंगणात रांगोळीने दहा घरे आखावीत, दोन कवड्या घ्याव्यात, झाले. सापशिडी चांगली खरी, पण तिच्या ओळी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे जातात, त्यामुळे पाच वर्षांखालची मुले गोंधळतात. तिला थोडा अवकाश द्यावा.

मराठी मुलाला अंकांची आणखी एक अडचण असते. 'एकोणतीस' म्हणताना कानावर 'तीस' पडतो आणि लिहावयाचा असतो २ व ९. ग्वाल्हेरमधील मुलाची अडचण तर दुहेरी. शाळेत ८९ ला 'नवासी' म्हणतात, म्हणजे ऐंशीवर नऊ. घरी आजी 'एकोणनव्वद' म्हणते, म्हणजे नव्वदाला एक कमी. मूल गणितात कच्चे आहे असा शेरा पडतो तेव्हा ते पुष्कळदा ह्या दोन वाटांच्या तिठ्यावर उभे असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणण्याचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. वाद कसाही असो, ज्या अडचणीतून तो पर्याय निघाला ती अडचण खोटी नव्हती. तिच्यावर घरगुती उपाय काड्यांचा. दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबराने बांधाव्यात. आठ जुड्या आणि नऊ सुट्या काड्या मुलापुढे ठेवल्या की आजीचे नाव आणि बाईंचे नाव एकाच ढिगाची दोन नावे आहेत, हे त्याला डोळ्यांनी दिसते. आणखी एक काडी घातली की नववी जुडी पुरी होते; एकोणनव्वद म्हणजे काय हे सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

पुस्तकांचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. शिंद्यांबरोबर लष्करात येऊन स्थायिक झालेली मराठी घराणी आता कित्येक पिढ्या ग्वाल्हेरची आहेत. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, दोघांचेही चालते. मग मराठी पुस्तक आणावयाचेच कशाला, असा प्रश्न तरुण आईबाप विचारतात, आणि तो टाळून चालणार नाही. लिपी एकच असल्यामुळे मूल दोन्ही पुस्तके वाचू शकते, हा मोठा फायदा आहे. अनेक अमराठी प्रदेशांतील मराठी मुलांना तो मिळत नाही. परंतु लिपी एक असली तरी कान एक नसतो. हिंदी वर्णमालेत ळ नाही. म्हणून मूल 'शाळा' हे 'शाला' असे वाचते आणि 'काळा' व गोपाळांचा 'काला' त्याला एकच वाटतात. 'चार' आणि गुरांचा 'चारा' ह्यांतील च मराठीत निराळे आहेत, पण ते लिहून दाखविता येत नाहीत. छापील ल आणि श यांची वळणेही दोन भाषांत वेगळी. आणि 'शिक्षा' ह्या शब्दाचे काय करावे? हिंदीत ते शिक्षण, मराठीत तो दंड. हे भेद व्याकरणाच्या पुस्तकातून लहान मुलाच्या कानात उतरणार नाहीत. कोणीतरी जवळ बसवून मोठ्याने वाचून दाखविले पाहिजे, आणि ते काम ज्या घरात आजी-आजोबा आहेत तेथे त्यांच्याइतके चांगले कोणी करणार नाही. जे मूल आजीची भाषा ऐकून समजते पण बोलत नाही, त्याच्या मुलाला ती ऐकूही येणार नाही. शाळेतील यश हिंदीतही मिळेल, इंग्रजीतही मिळेल. आजीशी बोलणे मात्र मराठीतच व्हावयाचे आहे.

पुस्तक निवडताना प्रथम चित्रे पाहावीत. चित्र झाकून गोष्ट तितकीच कळत असेल, तर ते पुस्तक लहानांचे नव्हे. चित्रात मजकुराहून काही अधिक असावे, म्हणजे मूल बोट ठेवून विचारील. त्यानंतर वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके ह्या कसोटीला उतरतात. त्यांत घरातले साधे प्रसंग आणि घरातलीच मराठी आहे. नॅशनल बुक ट्रस्ट ही सरकारी संस्था १९५७ साली निघाली. तिच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतील पुस्तके माफक किमतीत मिळतात आणि मराठीतही निघतात. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे 'चकमक' हे हिंदी मासिक १९८५ पासून निघत आहे, तेही घरात जरूर असावे; हिंदीशी वैर करून मराठी टिकत नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' ह्या संकेतस्थळावर पुष्कळ गोष्टी दोन्ही भाषांत फुकट वाचावयास मिळतात. मराठी प्रत आजीने वाचावी आणि हिंदी प्रत मुलाने.

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य छापलेली पुस्तके शक्यतो टाळावीत. मुलाला तात्पर्य कळत नाही असे नव्हे; ते आधीच कळलेले असते, आणि पुन्हा सांगितले की गोष्टीची गोडी जाते. तेच पुस्तक मूल वीस वेळा मागेल. कंटाळा मोठ्यांना येतो, मुलाला नव्हे. विसाव्या वेळी ते पुढचे वाक्य आपणच म्हणते, आणि वाचनाची सुरुवात तेथे होते.

सुरक्षिततेबद्दल थोडेसे. तीन वर्षांखालील मुलाजवळ सव्वा इंचाच्या भोकातून आत जाईल अशी कोणतीही सुटी वस्तू असू नये. सागरगोटे आणि चिंचोके त्यानंतर. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि लहान लोहचुंबक गिळले गेले तर जिवावर बेतते. १ जानेवारी २०२१ पासून कारखान्यात तयार झालेल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहूनच घ्यावे. नोंदणी झालेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, तेव्हा लाकडी खेळणे घेताना रंग कशाचा आहे हे विकणाऱ्याला विचारावे. मोबाइलच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेली मर्यादा स्पष्ट आहे : दोन वर्षांखाली मुळीच नाही, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नाही. भारत सरकारने २०२३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो 'जादुई पिटारा' तयार केला, त्यातही भर आहे तो खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींच्या पुस्तकांवरच.

आणलेली पुस्तके काचेच्या कपाटात, मुलाच्या डोक्यावर दोन हात उंच ठेवण्याची पद्धत मोडली पाहिजे. खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर येईल अशी पाच-सहाच ठेवावीत आणि पंधरवड्याने बदलावीत. एका आळीतील चार घरांनी आपापली पुस्तके एकमेकांना फिरविली, तर वर्षभर नवी घ्यावी लागणार नाहीत. पाने फाटतील. फाटू द्यावीत, आणि वाटीत थोडी खळ करून ती चिकटविण्याचे काम मुलालाच द्यावे.