उष्णतेची छपाई, लेखांक ५ : कापडातले पाणी

मागच्या आठवड्यात फिल्म, शाई आणि गमाची पावडर यांची माहिती घेतली. आज कापडाकडे येऊ. डीटीएफची (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवायच्या चित्राची) फिल्म कितीही चांगली छापलेली असो, टी-शर्टची तयारी नीट नसेल तर दोन धुण्यांत चित्राचे कोपरे सुटतात. बोल मात्र प्रिंटरला लागतो.

उदाहरण तोरणमाळचे घेतो. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवला. नंदुरबार जिल्ह्यात तो मिरवणुका काढून, ढोल वाजवून साजरा होतो आणि तरुणांच्या अंगात त्या दिवसासाठी छापून घेतलेले टी-शर्ट दिसतात. ही तारीख नेमकी भर पावसाळ्यात येते. सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळला तेव्हा यशवंत तलावावर धुके उतरलेले असते आणि दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहीत. अशा हवेत टी-शर्टांचा गठ्ठा रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी तो हाताला कोरडा लागेल, पण कोरडा नसेल.

सुती कापड साध्या हवेतही कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असते. म्हणजे २०० ग्रॅमच्या टी-शर्टमध्ये साधारण १६ ग्रॅम, जवळपास तीन चहाचे चमचे. हवा ओलीगच्च झाली की हे प्रमाण दुपटीच्याही वर जाते. आता प्रेसची प्लेट १५० ते १६० अंशांवर लावली आणि दाबली, तरी पहिली उष्णता जाते ती या पाण्याची वाफ करण्यात. तोरणमाळच्या उंचीवर पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळते. जोवर ओल आहे, तोवर कापड त्याच्याच आसपास रेंगाळते, आणि गमाची पावडर वितळायला शंभराच्या बरेच वर जावे लागते. टायमरचे १५ सेकंद संपतात, आकडा १६० दाखवत राहतो, गम मात्र धाग्यांत शिरलेलाच नसतो. उलट, सुटलेली वाफ फिल्मखाली अडकून बारीक फोड उठवते.

म्हणून फिल्म ठेवण्यापूर्वी नुसता शर्ट ५ ते १० सेकंद दाबायचा, प्लेट उचलायची आणि वाफ निघून जाऊ द्यायची. प्लेट उचलल्यावर वाफ डोळ्यांना दिसली तर पुन्हा दाबायचा. घाईच्या ऑर्डरीत नेमके हेच पहिल्यांदा गाळले जाते, आणि माझ्या मते सुटलेल्या छपाईचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ढगाळ दिवसांत शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवावेत, लागतील तेवढेच बाहेर काढावेत.

त्यानंतर चिकट रोलर फिरवायचा. फिल्मखाली राहिलेला एक धागाही चित्रावर शिरेसारखा उठून दिसतो. शिवण, बटण, खिशाची कड प्लेटखाली आली की दाब तिथेच अडतो आणि शेजारचा भाग सैल राहतो. अशा जागा प्लेटबाहेर लटकत ठेवाव्यात. ते जमत नसेल तर शर्टच्या आत उष्णता सोसणारी फोमची उशी घालावी.

पॉलिस्टरची गोष्ट वेगळी. ते पाणी जेमतेम अर्धा टक्का धरते, पण त्याचा रंग उष्णतेने उडून वर चढतो. लाल जर्सीवर छापलेला पांढरा नंबर प्रेसमधून शुभ्र निघतो आणि काही दिवसांनी गुलाबी दिसू लागतो. संघाने जर्सी वाटून घेतलेल्या असतात, तेव्हा चूक सापडूनही उपयोग नसतो. अशा कापडाला कमी तापमानावर वितळणारी पावडर आणि रंग अडवणारा थर असलेली फिल्म घ्यावी, आणि एक जर्सी आधी छापून आठवडाभर ठेवून पाहावी. जास्त दाबाने पॉलिस्टरवर प्लेटच्या कडेचा चौकोनी ठसाही उमटतो. त्यासाठी दाब बेताचा हवा.

फिल्म 'कोल्ड पील' असेल तर पूर्ण गार होऊ द्यावी. हात लावून पाहावे, कोमट असली तरी थांबावे. सोलताना फिल्म शर्टाला समांतर, सावकाश मागे न्यावी. एखादा कोपरा उठला तर सोलणे थांबवून फिल्म परत बसवावी आणि पुन्हा दाबावे. सोलून झाल्यावर चित्रावर बटर पेपर ठेवून ५ ते १० सेकंद दुसरी प्रेस द्यावी. अनेक जण ही पायरी शोभेची समजतात, पण तिनेच गम धाग्यांत पक्का उतरतो आणि प्लॅस्टिकसारखी चकाकी कमी होते. शर्ट गार झाल्यावर चित्र दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावे. कड सुटत असेल तर तिसऱ्यांदा दाबावे. गरम शर्टांची थप्पी लावू नये, चित्रे एकमेकांना चिकटतात.

शर्टाबरोबर एक चिठ्ठी द्यावी आणि ती तोंडीही सांगावी: पहिले धुणे २४ तासांनंतर, शर्ट उलटा करून, गार पाण्यात. दगडावर आपटू नये, चित्रावर ब्रश घासू नये. इस्त्री उलट बाजूनेच.

पुढच्या आठवड्यात सबलिमेशन.