पास्काची मेणबत्ती

डिसेंबर लागला की नोएडातल्या मॉलमध्ये चांदण्या लटकतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांताक्लॉज नाचू लागतो. नाताळ सगळ्यांचा झाला आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. ईस्टर मात्र कधी आला नि कधी गेला, याचा शेजारच्या फ्लॅटलाही पत्ता नसतो. सण रविवारचा, त्यामुळे वेगळी सुट्टी नाही. सुट्टी असते ती गुड फ्रायडेची, म्हणून शुभेच्छाही बिचारे त्याच दिवशी देतात. मी मूळचा वसईचा, सामवेदी कुपारी ख्रिस्ती समाजातला; पोटापाण्यासाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. माझ्या लेखी वर्षातला सर्वांत मोठा सण ईस्टरच. त्यातही त्याचा खरा प्राण रविवार सकाळच्या मिस्सेत नसून शनिवारच्या रात्रीत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. भस्म बुधवारी कपाळाला राख लागते आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मग झावळ्यांचा रविवार, आज्ञागुरुवारी पाय धुण्याचा विधी, शुक्रवारी क्रूसाची वाट आणि नंतर पुनरुत्थान. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा बहुधा चैत्रातली असते, पण २०२४ मध्ये ती फाल्गुनातली निघाली. होळी २५ मार्चला आणि ईस्टर ३१ मार्चला! पवित्र सप्ताहाच्या सोमवारी आमच्या सेक्टरमध्ये गुलाल उडत होता.

आता शनिवारच्या रात्रीकडे, म्हणजे ईस्टरच्या जागरणाच्या रात्रीकडे येतो. खरे तर लिहायचे आहे ते तिच्याबद्दलच.

अंधार पडल्यावर चर्चमधले सगळे दिवे मालवतात. माणसे बाहेर अंगणात जमतात. वसईत लहानपणी करवंट्या आणि सुक्या झावळ्यांचा जाळ पाहिलेला. इथे लाकडांचे तुकडे आणि कापूर असतो. एप्रिलचा पछवा, म्हणजे पश्चिमेचा वारा, सुटला की ज्वाळा आडव्या होतात आणि पुढे उभ्या असलेल्या बायका पदर सावरत मागे सरतात. फादर नव्या अग्नीला आशीर्वाद देतात आणि मग ती पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पुढे येते. चांगली हातभर उंच, मनगटाएवढी जाड. फादर तिच्यावर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा, क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. काळाचा आरंभ आणि अंत ख्रिस्ताचा, आणि हे तुमचे-आमचे चालू वर्षही त्याचेच. त्यानंतर धूपाचे पाच खडे क्रूसावर टोचतात. बहुतेक ठिकाणी ते लाल मेणाच्या खिळ्यांत बसवलेले असतात. या ख्रिस्ताच्या पाच जखमा. हे सगळे दोन-तीन मिनिटांत उरकते, म्हणून मी नेहमी पुढे जाऊन उभा राहतो.

मेणबत्ती पेटते आणि काळ्याकुट्ट चर्चमध्ये शिरते. तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा होते. कागदी चकतीत खोचलेल्या आमच्या बारीक मेणबत्त्या एकीवरून दुसरी पेटत जातात. बाहेर ई-रिक्षांचे हॉर्न चालूच असतात, पण आत चेहरे उजळू लागलेले असतात.

मग मेणबत्तीपाशी गायले जाते ते एक्झुल्टेट, म्हणजे या रात्रीचे स्तुतिगान. दीड हजार वर्षांच्या या परंपरेत मला सर्वांत प्रिय आहेत त्या मधमाशा. एवढ्या गंभीर प्रार्थनेत मेण घडवणाऱ्या मधमाशांच्या कष्टांचा आदराने उल्लेख येतो. १९७० च्या दशकातल्या इंग्रजी भाषांतरातून त्या गळल्या होत्या, २०११ च्या भाषांतरात परत आल्या. दक्षिण इटलीत दहाव्या ते तेराव्या शतकांत हे गान चर्मपत्राच्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. गाणारा डीकन (फादरांचा साहाय्यक) गुंडाळी उलगडत व्यासपीठावरून खाली सोडत जाई. त्याच्या दृष्टीने चित्रे उलटी काढलेली असत, म्हणजे समोरच्या लोकांना ती सुलटी दिसत. बारी शहरातल्या गुंडाळीवर तर मधमाशाही रंगवलेल्या आहेत. वाचता न येणाऱ्या माणसाचा इतका विचार करणारी उपासना मला फार मोठी वाटते.

म्हणूनच खऱ्या मेणबत्तीऐवजी तेल भरलेल्या प्लास्टिकच्या नळीला वरून मेणाचा रंग देऊन वर्षानुवर्षे तीच वापरणे मला मान्य नाही. व्हॅटिकनने १९८८ च्या पत्रकात स्पष्ट सांगितले आहे की मेणबत्ती मेणाचीच हवी, दरवर्षी नवी हवी आणि जागरण अंधार पडल्यावरच सुरू व्हावे. घरी लवकर जाता यावे म्हणून काही ठिकाणी संध्याकाळच्या उजेडातच नवा अग्नी पेटवतात. उजेडात दिवा लावून अंधार कसा कळणार?

नोएडा उत्तर प्रदेशात, त्यामुळे राजधानीला खेटून असूनही आम्ही दिल्लीच्या नव्हे, आग्र्याच्या महाधर्मप्रांतात मोडतो. मला याचे अप्रूप आहे. नोव्हेंबर १५७९ मध्ये रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे दोन जेझुइट सोबती अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीअखेर, ऐन उपवासकाळात, आग्र्याजवळच्या फतेहपूर सिक्रीला पोहोचले. ते निघण्याच्या काही आठवडे आधीच गोव्यात एक तरुण इंग्रज जेझुइट उतरला होता, थॉमस स्टीफन्स. एक वाट उत्तरेला मोगल दरबारात गेली. दुसरी गोव्यातच राहून मराठीत शिरली आणि १६१६ मध्ये स्टीफन्सचे जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. ख्रिस्ताचे पुनरुत्थान मराठी ओवीत चारशे वर्षांपूर्वी आले आहे, हे मराठी वाचकाला अभिमानाने ठाऊक असायला हवे.

आमच्या चर्चच्या बाकांवर झारखंडचे आदिवासी, मंगळूरचे, गोव्याचे, तमिळ, मल्याळी असे सगळे शेजारी-शेजारी बसतात. केरळच्या सिरो-मलबार पंथीयांसाठी २०१२ मध्ये फरिदाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला, नोएडा त्यातही येतो. आज्ञागुरुवारी मल्याळी शेजारीण पेसहा अप्पम आणते. तांदूळ-उडदाच्या पिठाची, न आंबवता वाफवलेली भाकरी, वर झावळीच्या पात्याचा क्रूस, सोबत नारळाच्या दुधात शिजवलेला गूळ. घरातला कर्ता पुरुष प्रार्थना म्हणून ती कापतो. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरी ती करत नाहीत. शेजारचे आणून देतात. “भाऊ, आधी प्रार्थना, मग खायचं,” असे ती दरवर्षी बजावते. रविवारी आमच्याकडून तिच्या घरी तांदळाच्या भाकरी आणि मटण जाते.

जागरणात बायबलच्या जुन्या करारातली सात वाचने असतात. वेळ वाचवण्यासाठी ती कमी करता येतात, पण इस्राएली लोक समुद्र ओलांडतात ते वाचन गाळता येत नाही. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा ‘ग्लोरिया’ या स्तोत्राला वाजू लागतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती मेणबत्ती बुडवतात. पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत ती वेदीपाशी राहते, नंतर बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. बाळाच्या बाप्तिस्म्याला ती पेटते आणि माणूस गेल्यावर शवपेटीपाशीही तीच पेटते. वसईत वडिलांच्या शवपेटीपाशी तिच्यावर कोरलेले वर्ष मी वाचत बसलो होतो. ईस्टर म्हणजे काय, हे मला प्रवचनांपेक्षा त्या दिवशी जास्त उमगले.

२०२५ मध्ये पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या सगळ्या चर्चेसचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. त्या दिवशी पोप फ्रान्सिस यांनी जगाला आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. २०२६ मध्ये हनुमान जयंती आणि आज्ञागुरुवार एकाच दिवशी, २ एप्रिलला, आणि ईस्टर ५ तारखेला. म्हणजे जागरण शनिवारी, ४ एप्रिलच्या रात्री. कॅथलिक वाचकांना माझी विनंती आहे, पुढच्या ईस्टरला रविवारच्या सकाळवर भागवू नका. आणि इतर वाचकांनीही जवळच्या चर्चमध्ये वेळ विचारून ठेवावी आणि अग्नी पेटण्याआधी अंगणात येऊन उभे राहावे. ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांसाठी असतो, पण अग्नीभोवती उभे राहायला कुणालाच मज्जाव नाही.